आफ्रिका शिकावी ती आफ्रिकेत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



या प्रसंगी एखाद्या नामवंत विद्वानास पाचारण करावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा तो मान आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, १९७९ पासून २०१७ पर्यंत प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाकडे आला, याचे आपणांस जितके आश्चर्य वाटले असेल तितकेच आम्हांसही वाटले. विषयही असा की, ज्याचा अनुभव आमच्या गाठी नाही. ‘परदेशातील शिक्षण आणि आपली मुले’ हा तो विषय. आम्ही परदेश पाहिलेला नाही. तथापि चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही तत्काळ होकार कळविला. कारण या विषयाच्या संबंधात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती याच सभेपुढे सांगण्याचे ऋण आमच्या माथी होते. ते फेडण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

आपल्या मंडळाचा परदेशशिक्षण निधी आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणी लग्नातला खर्च वाचवून, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी निवृत्तीच्या रकमेतून दिलेल्या देणग्यांतून तो उभा राहिला. त्यातून होतकरू मुलामुलींस बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती हप्त्याहप्त्याने दिली जाते. निधीच्या नियमात शब्द आहेत ते असे : ‘युरोप, अमेरिका वगैरे प्रगत देशांत उच्च शिक्षणासाठी.’ या शब्दांकडे आपण लक्ष ठेवावे. आमच्या बोलण्याचा शेवट तेथेच व्हावयाचा आहे.

२०२२ साली आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येने या निधीकडे अर्ज केला. युरोपातील एका विद्यापीठात तिला एम्.ए.साठी प्रवेश मिळाला होता. विषय होता ‘आफ्रिका-अध्ययन’, म्हणजे आफ्रिका खंडाचा इतिहास, भाषा, समाजरचना, अर्थव्यवहार आणि कला यांचा एकत्र अभ्यास. समितीत थोडी कुजबुज झाली. या विषयाला नोकरी कोण देणार, असे एका सभासदांनी विचारलेही. परंतु विद्यापीठ युरोपातले होते, इमारतीचे छायाचित्र भव्य होते, आणि अर्ज मंजूर झाला. पहिला हप्ता रवाना झाला.

पुढच्या वर्षी तिचे पत्र आले. तिच्या विद्यापीठाचा घाना देशातील लेगॉन येथील घाना विद्यापीठाशी विद्यार्थी-विनिमयाचा करार असून एका सत्रासाठी तिची निवड झाली आहे, असे तिने कळविले होते. विनिमयाची रीत अशी की, विद्यार्थ्याचे नाव मूळ विद्यापीठाच्या पटावर कायम राहते, शुल्कही तेथेच भरावयाचे असते. यजमान विद्यापीठ वेगळे शुल्क घेत नाही, आणि तेथे मिळविलेले गुणांक मूळ पदवीत धरले जातात. प्रवासाचा व राहण्याजेवण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याने सोसावयाचा. म्हणून उरलेला हप्ता घानातील वास्तव्यासाठी वापरण्याची परवानगी तिने मागितली होती.

समितीची बैठक भरली. आम्ही त्या वेळी समितीचे सभासद होतो. मुलगी आमच्या नात्यातील, म्हणून आम्ही तटस्थ राहिलो तरी चालेल, असे अध्यक्षांनी सौजन्याने सुचविले. आम्ही उठून म्हणालो की, नाते आम्हांस आड येणार नाही. नियमात ‘प्रगत देश’ असे शब्द आहेत, सबब हप्ता देता येणार नाही. मत पडले. हप्ता अडला. पुतणीच्या विरुद्ध मत देण्याइतके आपण निःपक्षपाती आहोत, याचा आम्हांस त्या रात्री अभिमान वाटला, हेही लपवून ठेवीत नाही.

ज्ञातिबंधूंनो, आम्ही काय केले ते पाहा. युरोपात बसून आफ्रिका शिकण्यास आमची हरकत नव्हती. आफ्रिकेत जाऊन आफ्रिका शिकण्यास होती! उद्या कोणी ज्ञानेश्वरी शिकावयास पॅरिसला जातो म्हटले तर त्याला हार घालावयाचा, आणि आळंदीस जातो म्हटले तर पैसे अडवावयाचे, तशातला हा प्रकार. परंतु हा विचार त्या दिवशी आम्हां सात जणांपैकी एकालाही सुचला नाही. आमच्या भावजयीने आपल्या पाटल्या तारण ठेवल्या, आणि त्या पैशांवर मुलगी अक्रा शहरी पोहोचली.

हे आम्हांस सुचले का नाही, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. अडतीस वर्षे आम्ही मुलांना भूगोल शिकविला. आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर काढण्यात आमचा हातखंडा होता. सहाराचे वाळवंट, नाईल नदी, किलिमांजारो पर्वत, आणि सिंह, हत्ती, जिराफ. पशू पुष्कळ सांगितले, माणसे सांगितली नाहीत. तेथे आज ५४ स्वतंत्र देश आहेत, तेथील माणसांस इतिहास आहे, विद्यापीठे आहेत, हे वाक्य आमच्या तोंडून वर्गात कधी उच्चारले गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. ‘अंधारे खंड’ हा शब्द मात्र अनेकदा उच्चारला. अंधार तेथे होता की आमच्या डोळ्यांत, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला नाही.

मुलगी रागावली नाही. दर आठवड्यास मोबाइलवर तिची लांबलचक पत्रे येऊ लागली, आणि काकाला शिकविण्याचे काम पुतणीने आरंभिले. त्या पत्रांतून आम्हांस जे कळले, आणि पुढे पुस्तके मिळवून जे आम्ही पडताळून पाहिले, त्यातील थोडे आपणांपुढे ठेवतो.

अक्राच्या ईशान्येस लेगॉनची टेकडी आहे. पांढऱ्या भिंतींच्या आणि तांबड्या कौलांच्या इमारती तीवर पसरल्या आहेत. तेथील विद्यालय १९४८ साली इंग्रजी अमलात निघाले. देश ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला, आणि १९६१ साली त्या विद्यालयाचे स्वतंत्र विद्यापीठ बनले. तेथील आफ्रिका-अध्ययन संस्थेचे औपचारिक उद्‌घाटन १९६३ साली राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या हस्ते झाले. आफ्रिकेचा इतिहास, तिच्या भाषा, तिच्या संस्था व कला यांचा अभ्यास आफ्रिकेच्या स्वतःच्या दृष्टीने व्हावा, दुसऱ्याच्या चष्म्यातून नव्हे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. तेथे या संस्थेच्या विद्यार्थ्यांनाच नव्हे, तर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास, मग तो पदार्थविज्ञानाचा असो की व्यापारशास्त्राचा, आफ्रिका-अध्ययनाचा एक अभ्यासक्रम पुरा करावाच लागतो.

योगायोग असा की, त्याच १९६३ साली ऑक्सफर्ड येथील इतिहासाचे एक थोर प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी सांगितले की, आफ्रिकेत युरोपियनांचा इतिहास काय तो आहे, बाकी सारा अंधार आहे. मोठमोठे विद्वान असे बोलत होते, तेथे आमच्यासारख्या शाळामास्तराची काय कथा! परंतु आफ्रिकेतील विद्वान हे ऐकून स्वस्थ बसले नाहीत. युनेस्कोने १९६४ साली आफ्रिकेच्या सर्वसाधारण इतिहासाचे कार्य हाती घेतले, आणि कित्येक वर्षांच्या श्रमांनंतर त्याचे आठ जाडजूड खंड प्रसिद्ध झाले. त्यातील सातव्या खंडाचे संपादन लेगॉनचेच प्राध्यापक अडू बोआहेन यांनी केले.

हे वाचताना आम्हांस आपल्याच घरची आठवण झाली. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत लिहिला, आणि पुष्कळ काळ आपण आपला इतिहास त्याच्या पुस्तकातून वाचीत होतो. मग इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी धुंडाळली, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः बाहेर येऊ लागली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आपला इतिहास आपण आपल्या कागदांवरून लिहावा, ही जी हौस आपल्या वडीलधाऱ्यांना होती, तीच लेगॉनच्या लोकांना आहे. राजवाड्यांच्या तसबिरीस हार घालणाऱ्या माणसाने लेगॉनचा अर्ज फेटाळावा, यासारखी विसंगती दुसरी नाही.

आता तेथे ती शिकली काय, असे आपण विचाराल. अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्यास मिळते. शनिवारी जन्मला तो क्वामे, शुक्रवारी जन्मला तो कोफी. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांचे नाव आपण वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत वाचले. त्या नावात शुक्रवार दडला आहे, हे आम्हांस माहीत नव्हते. आमची पुतणी शनिवारची, म्हणून तिच्या घरमालकीणबाईंनी तिला ‘आमा’ म्हणावयास आरंभ केला. अकान समाजात आठ कुळे आहेत. एका कुळातील स्त्रीपुरुषांचा परस्पर विवाह होत नाही. येथवर आपल्यास नवल वाटण्याचे कारण नाही. पुढे मात्र आपण चमकाल. तेथे कूळ आईकडून येते. वारसा सांगताना बापापेक्षा मामाकडे पाहिले जाते, आणि भाच्याचा मामाच्या वारशावर हक्क चालत आला आहे. ‘काका, तेथे असता तर तुम्ही माझे नसता, मामाच माझा सर्वस्व असता’, असे तिने थट्टेने लिहिले. आपल्याकडे जे आहे तेच निसर्गाने घालून दिले आहे, असे आपण धरून चालतो. ते तसे नाही, हे दुसऱ्याच्या घरी राहिल्यावाचून कळत नाही.

तेथील नगारे बोलतात, असे तिने लिहिले तेव्हा आम्हांस ती कविकल्पना वाटली. पण ती वस्तुस्थिती आहे. अकानांची भाषा स्वरांच्या चढउतारावर चालते. एकच अक्षर उंच म्हटले तर एक अर्थ, खाली म्हटले तर दुसरा. नगाऱ्यांच्या जोडीत एक उंच स्वराचा व एक खालच्या स्वराचा असतो, आणि वादक बोलण्यातील चढउतार जसाच्या तसा वाजवितो. जाणत्यास त्यातून राजाचे पूर्वज, निरोप आणि म्हणी उलगडतात. या विद्येचा शास्त्रीय अभ्यास क्वाबेना एन्केटिया या विद्वानाने लेगॉन येथेच केला. जो समाज आपली बखर नगाऱ्यावर वाजवितो, त्यास केवळ कागद नाही म्हणून इतिहास नाही, असे कसे म्हणावे?

युरोपातील वर्गात आणि लेगॉनच्या वर्गात फरक काय, असे आम्ही तिला एकदा विचारले. तिचे उत्तर आम्ही जपून ठेवले आहे. ती म्हणाली, “तिकडे ग्रंथालय मोठं होतं, शिक्षकही उत्तम होते. पण वर्गातले आम्ही सगळे बाहेरचे. चुकीचं बोललं तरी कुणाला लागत नसे. इथं मी ज्यांच्याविषयी बोलते ते माझ्या शेजारच्या बाकावर बसलेले असतात. त्यामुळं बोलण्याआधी दोनदा विचार करते.” शिक्षणशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ आम्ही पदविकेसाठी पाठ केले होते, परंतु ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याच्या समोर बोलता आले पाहिजे, ही कसोटी आम्हांस त्यात आढळली नव्हती.

सारेच गोड होते असे मात्र नाही. पहिले पंधरा दिवस तिला जेवण जाईना. मक्याचे पीठ आंबवून, पानात बांधून शिजविलेले केंके तिला आंबट लागे. पुढे आपल्या आंबिलीची आठवण काढून ती ते खाऊ लागली. उकाडा मुंबईसारखा, हिवतापाची धास्ती कायम. आईशी बोलताना ती दोनदा रडल्याचे आम्हांस मागाहून कळले. आजारपणात घरमालकीणबाईंनी तिच्या उशाशी दोन रात्री काढल्या, हेही मागाहूनच कळले.

सत्राच्या मध्यावर वर्गाची सहल समुद्रकाठच्या गढ्या पाहावयास गेली. एल्मिना येथील गढी पोर्तुगिजांनी १४८२ साली बांधली, म्हणजे वास्को द गामा कालिकतास पोहोचण्यापूर्वी सोळा वर्षे. गोवा घेणारे हेच ते पोर्तुगीज. जवळच केप कोस्टची गढी आहे. तिच्या तळघरांत पकडलेली माणसे कोंडून ठेवीत आणि तेथून जहाजांत भरीत. पुरुषांना कोंडण्याच्या तळघराच्या वरच प्रार्थनामंदिर होते. अटलांटिक महासागरावरून सुमारे चार शतकांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अदमासे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांवर चढविली गेली, आणि त्यांतील सुमारे १८ लाख वाटेतच मेली, असा इतिहासकारांचा हिशेब आहे.

त्या व्यवहारातील एक नाणे आपल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे कवडी. मालदीव बेटांतील कवड्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून युरोपात जात, आणि तेथून पश्चिम आफ्रिकेत जाऊन त्यांच्या मोबदल्यात माणसे घेतली जात. घानाच्या आजच्या चलनाचे नाव सेडी. तो शब्दही अकान भाषेतील कवडीवाचक शब्दावरूनच आला आहे. आपण आई तुळजाभवानीचे नाव घेऊन कवड्यांची माळ गळ्यात घालतो, आणि स्वस्त वस्तूस कवडीमोल म्हणतो. एका काळी त्या कवड्यांनी माणूस मोजला जात होता, हे वाचल्यापासून तो शब्द आमच्या तोंडून सहजी निघत नाही.

या सहलीतली एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. या व्यापारात तेथीलच काही राजे व व्यापारी सामील होते, आपल्या शेजाऱ्यांस पकडून ते विकीत होते, हे तेथील प्राध्यापक वर्गात स्पष्ट सांगतात. परक्याचा दोष सांगताना ते आपला दोष झाकीत नाहीत. ज्या समाजास आपले पाप आपल्या मुलांसमोर उच्चारता येते, त्यास मागासलेला म्हणण्यापूर्वी आपण आपल्या जिभेस आवर घालावा.

आता थोडे अवघड बोलतो. लेगॉनच्या आवारात २०१६ साली आपले तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते महात्मा गांधींच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते. तेथील काही प्राध्यापकांनी त्यास विरोध केला, आणि २०१८ च्या डिसेंबरात तो पुतळा तेथून हलविण्यात आला. ती बातमी वाचून आम्ही त्या वेळी संतापलो होतो. पुतणीने आम्हांस समजावून दिले. गांधीजी १८९३ ते १९१४ या काळात दक्षिण आफ्रिकेत होते, आणि त्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी तेथील काळ्या लोकांविषयी जे हीन शब्द लिहिले, त्यांवर त्या लोकांचे बोट होते. गांधीजींचे विचार पुढे बदलले, आणि स्वतः एन्क्रुमांनी आपल्या देशाच्या लढ्यात गांधीजींचा मार्ग डोळ्यांपुढे ठेवला होता, हेही तितकेच खरे. तिने वर्गात दोन्ही बाजू मांडल्या. ऐकणाऱ्यांनी ऐकून घेतल्या.

मग एका विद्यार्थ्याने विचारले, “ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आज आमची मुलं तुमच्या देशात शिकायला जातात, त्यांचं काय?” त्याने दोन घटनांची नावे घेतली. २०१६ साली बंगळूरात टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावाने केलेला हल्ला, आणि २०१७ साली ग्रेटर नोइडा येथे आफ्रिकी विद्यार्थ्यांस झालेली मारहाण. आमच्या मुलीजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री तिने आम्हांस दूरध्वनी केला. इकडे पहाट होत होती.

ती म्हणाली, “काका, मी बारा वर्षांची असताना आपल्या वरच्या खोलीसाठी एक मुलगा आला होता. आठवतं?”

आम्हांस आठवत होते. २०११ सालची गोष्ट. पुण्यातील आमच्या घराची माडीवरची खोली रिकामी होती, आणि दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी होती. आफ्रिकेतून शिकावयास आलेला एक तरुण, स्वच्छ पोशाख केलेला, हातात कागदपत्रांची पिशवी घेतलेला, दारात उभा राहिला. आम्ही त्यास बसविले. पाणी दिले. आणि खोली कालच दिली गेली, असे सांगितले. ते असत्य होते. त्याने ‘थँक यू, सर’ म्हटले आणि तो जिना उतरून गेला. जाताना पाटीकडे त्याने पाहिले असेलच. ती खोली पुढे तीन महिने रिकामी राहिली.

“पाणी मीच आणलं होतं”, ती म्हणाली. “तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं. मी इथं ज्या बाईंच्या घरी राहते, त्यांनी मला पहिल्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, जेवलीस का?”

मंडळी, आयुष्यभर आम्ही मुलांना ‘सदा सत्य बोलावे’ हा धडा गिरवावयास दिला. ज्या मुलीसमोर आम्ही तो धडा मोडला, तिनेच तो आम्हांस बारा वर्षांनी परत केला. आम्ही त्या तरुणाचे नावही विचारले नव्हते. क्षमा मागावयाची म्हटले तरी ती कोणाची मागावी? म्हणून आज ही गोष्ट या सभेत उच्चारीत आहोत.

याच सुमारास तिला वर्गात ‘हिंदुस्थानातील आफ्रिकी’ या विषयावर निबंध वाचावयाचा होता, आणि तिने आमच्याकडे साहाय्य मागितले. आमची छाती दडपली. परंतु शोधू लागलो तो काय! चौथीच्या वर्गात मलिक अंबरचे नाव आम्ही वर्षानुवर्षे घेतले. निजामशाहीचा कर्तबगार वजीर एवढेच सांगून पुढे जात होतो. तो हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला, आणि येथे त्याने मोगलांच्या नाकी नऊ आणले. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याने वसविले आणि तेथे नहरीने पाणी खेळविले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला, आणि खुलताबादेस त्याची कबर आहे. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत आपल्याच कोकणात होते. उत्तर कानडा जिल्ह्यात सिद्दी समाज आजही राहतो; पोर्तुगिजांच्या गोव्यातून निसटलेल्या गुलामांचे ते वंशज, असे मानले जाते. ज्या खंडाशी आपला काही संबंध नाही असे आम्ही समजत होतो, त्या खंडाची माणसे आपल्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर बसलेली होती. हे शोधावयास आमची मुलगी लेगॉनला जावी लागली!

दुसऱ्या बाजूनेही आपली माणसे तेथे गेली आहेत. औंधच्या राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत १९४८ पासून काही वर्षे नैरोबी येथे हिंदुस्थान सरकारचे आयुक्त होते, आणि तेथील स्वातंत्र्याकांक्षी लोकांशी त्यांनी जोडलेला स्नेह प्रसिद्ध आहे. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका-अध्ययनाचा विभाग १९५५ साली निघाला, आणि मुंबई विद्यापीठातही १९७१ पासून या विषयाचे केंद्र आहे. तेव्हा हा विषय चमत्कारिक आहे, असे कोणी समजू नये. त्याचा अंगणातला दरवाजा आपणच लावून घेतला होता.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना असे जावेसे वाटेल त्यांना चार शब्द. मूळ विद्यापीठाकडून गुणांकांची मान्यता आधी लेखी घ्यावी, मागाहून नव्हे. यलो फीव्हरची लस प्रवासापूर्वी दहा दिवस तरी टोचून घ्यावी आणि तिचा पिवळा दाखला पारपत्राबरोबर जपावा. तो घानात शिरताना लागतो आणि तेथून परतल्यावर आपल्या विमानतळावरही मागतात. हिवतापाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेथील भाषेची शंभर वाक्ये पाठ करून जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकविण्यास नव्हे, शिकण्यास चाललो आहोत, हे विसरू नये. पाणी खालच्या भांड्यातच पडते. ज्याने आपले भांडे आधीच वर धरले, त्याची तहान भागत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलांनी आपल्याहून वरचे समजतो त्यांच्याकडेच शिकावयास जावे, अशी आपली रीत पडली आहे. त्यातून विद्या मिळते, पदवी मिळते, पगारही मिळतो. परंतु ज्यांना आपण नकळत खालचे समजत आलो, त्यांच्या ओसरीवर शिष्य म्हणून बसल्याने जे मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. आपण ज्ञातीच्या नावाने येथे एकत्र जमतो. आपल्या पूर्वजांसही कोणी तरी कधी दारातून परत पाठविले असेल, आणि आपल्या पूर्वजांनीही कोणास परत पाठविले असेल. या दोन्ही गोष्टी आठवीत राहिलो, तरच असे एकत्र जमण्यास अर्थ आहे.

आमच्या पुतणीस आता निधीच्या पैशांची गरज नाही. तिची पदवी पुरी झाली, आणि पहिल्या पगारातून तिने आईच्या पाटल्या सोडविल्या. परंतु तिच्यामागून कोणी येईल. त्याच्यासाठी आज आम्ही या सभेपुढे एक सूचना ठेवीत आहोत. निधीच्या नियमातील ‘युरोप, अमेरिका वगैरे प्रगत देशांत’ हे शब्द गाळावेत, आणि त्याऐवजी केवळ ‘परदेशात’ एवढाच शब्द घालावा. जो हप्ता आमच्या मताने अडला, तेवढी रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून निधीस देत आहोत. तिचा धनादेश खजिनदारांच्या स्वाधीन केला आहे. ही देणगी म्हणून नव्हे, दंड म्हणून लिहून घ्यावी.

नियम बदलावयाचा की नाही, हे सभा ठरवील. मागच्या खेपेस आम्ही हात वर केला तो चुकीच्या बाजूने. या खेपेस तो योग्य बाजूने वर करण्याची संधी आम्हांस मिळावी, एवढीच प्रार्थना आहे.